कर्जतची फुले कर्जतच्याच मांडवात

कर्जत, नेरळ, चौक, खालापूर या पट्ट्यातील कुणाही शेतकऱ्याच्या ओटीवर जाऊन बसा. भात कसे आले, पाऊस कधी उघडला, पोराचे लग्न जमले का, असे वळसे घेत गप्पा शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. शेजारच्याने जमीन कितीला दिली? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि २०२५ संपता संपता नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. दर वेळी आमच्याकडच्या बांधावरचा भाव वर सरकला. ज्याने विकली त्याने स्लॅबचे घर बांधले, मोटार घेतली, मुलीचे लग्न थाटात केले. त्यातले काहीजण आज त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या फार्महाउसच्या फाटकावर राखणदार म्हणून बसतात. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याने विकणाऱ्याला नावे ठेवू नयेत.

माझे माहेर कर्जत तालुक्यातले, सासर खालापूर तालुक्यातले. दोन्ही घरांतली पुढची पिढी शिकलेली आहे आणि दोन्ही घरांत एकच प्रश्न आहे. माझा भाचा मध्यंतरी म्हणाला, "आत्या, जमीन विकायची नाही, पण नुसत्या भातावर भागतही नाही. फुलशेती केली तर?" असे विचारणारा तो एकटा नाही. गेल्या काही वर्षांत निदान चार-पाच घरांतून हा प्रश्न माझ्याकडे आला आहे. माझे उत्तर आता ठरून गेले आहे. फुलशेती जरूर करा, पण दादरला टोपल्या पाठवण्यासाठी करू नका. आपल्या पंचक्रोशीत जे मांडव पडतात, जी देवळे आहेत, जे देव्हारे आहेत, त्यांच्यासाठी करा. आणि फूल नुसते तोडून विकू नका. ते गुंफून, रचून, सजवून विका. या लेखात हे उत्तर जरा विस्ताराने मांडायचे आहे.

शंभर किलोमीटर जाऊन परत

कर्जत स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून १०० किलोमीटरवर आहे. पहाटेच्या लोकलने फुले, पाने, दूर्वा, रानभाज्या घेऊन बायका दादरला उतरतात. दादरच्या फुलबाजाराचे उपकार मोठे आहेत. वसई-विरारकडच्या बागायतदारांनी मोगरा, चाफा, तगर, सोनटक्का या बाजाराच्या भरवशावरच पिढ्यानपिढ्या पिकवला. पण त्या बाजाराचा एक नियम आहे. तिथे भाव ठरतो तो आवक किती आली यावर. तुम्ही किती वाजता उठलात, किती काळजीने फूल तोडलेत, याला तिथे मोल नाही. दसऱ्याच्या आदल्या सकाळी ज्या झेंडूसाठी गिऱ्हाइकांची झुंबड उडते, तोच झेंडू दसऱ्याच्या संध्याकाळी रस्त्यावर ढिगाने पडलेला असतो. फूल हा माल थांबत नाही. कांद्यासारखी त्याची चाळ भरता येत नाही. म्हणून फूल विकणारा नेहमीच अडलेला असतो आणि घेणाऱ्याला ते पक्के माहीत असते.

आता दुसरी बाजू पाहा. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या रिसॉर्टांत नि फार्महाउसांवर लगीनसराईत शनिवार-रविवार एक मांडव उतरतो तर दुसरा चढतो. त्यांची सजावट करणारे बहुतेक ठेकेदार मुंबई-पुण्याचे. फुले भरून त्यांचा टेंपो दादरहून निघतो, द्रुतगती मार्गाने खालापूरचा टोलनाका ओलांडून येतो. म्हणजे आमच्या शिवारातले फूल पहाटे शंभर किलोमीटर जाते, दलालाच्या हातातून ठेकेदाराच्या हातात पडते, आणि तेच किंवा त्याचे भावंड दुपारी तितकेच अंतर तुडवून आमच्याच शिवारात परत येते. तोवर ते निम्मे कोमेजलेले असते, पण किंमत मात्र कितीतरी पट झालेली असते. ही वाढलेली किंमत कोणाच्या खिशात जाते? वाटेवरच्या सगळ्यांच्या. जात नाही ती फक्त पिकवणाऱ्याच्या.

काचघराचे स्वप्न

फुलशेती म्हटले की तरुणांच्या डोळ्यांसमोर पॉलिहाउस येते आणि त्यात लांब दांड्याचे लाल गुलाब. या स्वप्नाला एक इतिहास आहे. १९९१ नंतरच्या उदारीकरणात फुलांच्या निर्यातीचे वारे सुटले. पुण्याच्या आसपास हॉलंडचे तंत्रज्ञान आणून मोठमोठे प्रकल्प उभे राहिले, आल्समीरच्या लिलावात भारतीय गुलाब जाणार म्हणून शेअर बाजारातही फुले फुलली. त्यांतले अनेक प्रकल्प त्या दशकाच्या अखेरीपर्यंत कोमेजले. विमानभाडे, शीतगृहे आणि परदेशी बाजारातली चढउतार यांचे गणित जमले नाही. पुढे मावळातल्या लहान शेतकऱ्यांनी तेच तंत्र आपल्या आवाक्यात आणले, व्हॅलेंटाइन दिनाचा हंगाम गाठला आणि चांगले नाव कमावले. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

पण मावळ म्हणजे कर्जत नव्हे. बोरघाट चढला की हवा बदलते, हे खोपोलीतून लोणावळ्याला गेलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. माथ्यावर रात्री गार असतात. पायथ्याशी उन्हाळा दमट आणि तापट. पावसाळ्यात आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्या हवेत गुलाबावर रोग पडतात, वाऱ्याने प्लास्टिक फाटते आणि कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर येतो. शिवाय २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मावळातल्या अनुभवी उत्पादकांनाही फुले तोडून फेकून द्यावी लागली. फक्त दूरच्या एका गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा एका रात्रीत बसू शकतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. वीस-तीस गुंठे जमीन असलेल्या घराने पहिल्याच वर्षी पॉलिहाउसचे कर्ज डोक्यावर घ्यावे, असे मी कधीही सांगणार नाही.

आमच्या मातीचे पंचांग

मग लावायचे काय? इथे मात्र आपला मुलूख श्रीमंत आहे. फक्त ती श्रीमंती बांधावर उगवते म्हणून आपण तिला मोजत नाही.

श्रावण-भाद्रपदापासून सुरुवात करू. गणपतीला पत्री आणि दूर्वा लागतात. कोकणात अनेक घरी गौर बसते ती तेरड्याची, आणि तेरडा आमच्या माळावर आपोआप रंगून उभा असतो. खालापूर तालुक्यात महडला अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे देऊळ आहे. तिथे दर चतुर्थीला रीघ लागते. माघी गणेशोत्सवात तर विचारूच नका. दूर्वांची निवडलेली, एकवीसची जुडी आणि टवटवीत जास्वंद यांना तिथे वर्षभर मागणी आहे. दूर्वा हे पीक आहे असे आपल्याला वाटत नाही. पण चार वाफे स्वच्छ ठेवले, पाणी दिले आणि कापणीचा क्रम लावला, तर ते पीक आहे.

आश्विनात झेंडू. त्याच्याबरोबर भाताची लोंबी. दसऱ्याला दारावर नवे बांधायची आमच्याकडची रीत आहे: भाताच्या लोंब्या, झेंडू, कुर्डू, आंब्याची पाने. शहरातल्या माणसाला ही जुडी विकत घ्यावी लागते, आणि आमचा तालुका तर भाताचाच. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने ‘कर्जत’ नावाच्या भाताच्या जातींची एक मालिकाच दिली आहे. लोंब्यांचे एक सुबक तोरण बांधून विकले, तर त्या लोंब्यांतल्या दाण्यांचा भाव भाताच्या खरेदी केंद्रावर मिळणाऱ्या भावापेक्षा किती पडतो, हे ज्याने त्याने करून पाहावे. मी सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल.

झेंडूचे तंत्र अवघड नाही, पण पावसाचा मुलूख असल्याने दोन गोष्टी पाळायलाच हव्यात. रोपे उंच वाफ्यावर करावीत आणि लागवड वरंब्यावर करावी, म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. नाहीतर मर आणि करपा यांना आमंत्रणच. दोन फूट बाय दीड फूट अंतर धरले तर एका गुंठ्यात साडेतीनशेच्या वर रोपे बसतात. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडला की फुटवे वाढतात. सगळी रोपे एकाच दिवशी मात्र लावू नयेत. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन टप्पे केले, तर दसरा, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई हे तिन्ही हंगाम हाती लागतात.

हिवाळ्यात अ‍ॅस्टर, निशिगंध. चैत्र-वैशाखात मोगरा. पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड-जव्हारकडे आदिवासी शेतकऱ्यांनी थोड्या थोड्या गुंठ्यांवर मोगरा लावून काही घरांचे तरी स्थलांतर थांबवले आहे. हिवाळ्यात छाटणी, मग खत-पाणी आणि उन्हाळ्यात पहाटे कळी तोडणे, हा त्याचा क्रम. त्याला उन्हाळी पाणी हवे. टाटांच्या भिवपुरीच्या वीजकेंद्रातून १९२२ पासून सुटणारे पाणी पेज नदीत येते, आणि राजनाल्याच्या कालव्याने ते कर्जतच्या काही गावांना मिळते. खोपोलीच्या केंद्राचे, १९१५ पासूनचे, पाणी पाताळगंगेला येते. ज्यांच्या शिवारापर्यंत हे पाणी पोचते त्यांनी मोगऱ्याचा विचार करावा. ज्यांच्याकडे फक्त विहीर आहे त्यांनी बांधावर सोनचाफ्याची कलमे लावावीत. पावसाळ्यात सोनटक्का, कर्दळ, हेलिकोनिया हे दमट हवेतच खुलतात. राहता राहिली पाने. आरास करणाऱ्याला फुलांइतकीच हिरवी पाने लागतात, आणि कामिनी, सुपारीवर्गीय पाम, ड्रॅसिना यांना आमची हवा मानवते.

रोजगार हमी योजनेतून आता फळझाडांप्रमाणे मोगरा, निशिगंध, गुलाब, सोनचाफा यांच्या लागवडीलाही साह्य मिळण्याची सोय झालेली आहे. कृषी सहायकाकडे जाऊन चौकशी करण्याचा कंटाळा करू नये. पण पहिल्या वर्षी पाच गुंठे पुरे. उरलेल्यात भात ठेवावा. घरचे तांदूळ असले की फुलांचा एखादा हंगाम हुकला तरी चूल पेटती राहते.

फुलापेक्षा हात मोलाचा

आमच्या घरी एकदा सहज मोजले तेव्हा किलोभर झेंडूत शंभराच्या आसपास फुले निघाली. त्यांच्या पाच फुटी दोन लडी झाल्या. किलोचा भाव आणि दोन लडींचा भाव यांत जो फरक आहे, त्यालाच धंदा म्हणतात. गजरा, वेणी, हार, मुंडावळ्या, तोरण, मखर, चौरंगाभोवतीची महिरप, गौरीची आरास: ही सगळी पुष्परचनाच आहे. ती आपल्या आज्या-पणज्या कुठलाही वर्ग न लावता करत होत्या. आता तिला शिस्त लावायची आहे. नमुन्यांची छायाचित्रे, लेखी अंदाजपत्रक, आगाऊ इसार, वेळेच्या आधी तासभर पोचणे. इसार मी मुद्दाम सांगते. आमच्या ओळखीच्या एका गटाची पहिलीच मोठी ऑर्डर झाली आणि नंतर तीन महिने पैशांसाठी खेटे घालावे लागले. तेव्हापासून निम्मी रक्कम हाती आल्याशिवाय त्या सुईत दोरा ओवत नाहीत.

फुले टिकवण्यासाठी पहिल्या दिवशी शीतगृह लागत नाही. पहाटे तोडणी, स्वच्छ धुतलेली बादली, दांडा तिरका कापून लगेच पाण्यात, सावलीची खोली, ओले गोणपाट आणि केळीचे पान एवढ्यावर दिवस निघतो. इथेच जवळ असण्याचा फायदा कळतो. मांडव सात किलोमीटरवर असेल तर सकाळचे फूल दुपारी सकाळसारखेच दिसते. दादरहून आलेल्या फुलाला हे जमत नाही.

आक्षेप येतो तो असा, की रिसॉर्टातल्या लग्नाला ऑर्किड आणि कार्नेशन लागतात, झेंडू कोण विचारतो? माझे म्हणणे, भांडत बसू नका. मागितलेच तर चार जुड्या दादरहून आणाव्यात. पण गिऱ्हाइकाला आपले काय ते दाखवावे तरी! जगाची आवडही बदलते आहे. अमेरिकेत फुलदाणीतल्या फुलांचा मोठा हिस्सा कोलंबिया-एक्वाडोरहून विमानाने येतो. त्याच देशात डेब्रा प्रिन्झिंग या लेखिकेचे ‘स्लो फ्लॉवर्स’ हे पुस्तक २०१३ साली आले. गावातल्या शेतकऱ्याने त्या ऋतूत पिकवलेली फुलेच घ्या, असा त्याचा आग्रह, आणि तिथल्या कितीतरी लहान फुलशेतकऱ्यांना त्यातून गिऱ्हाईक मिळाले. आमच्याकडेही उदाहरण आहे. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८०च्या दशकात सगुणा बाग उभी केली. शेतमाल शहराकडे नेण्याबरोबर शहराला शेतात आणता येते, हे त्यांनी कृषी पर्यटन हा शब्द रुळण्याच्या आधी दाखवून दिले. फुलांच्या बाबतीत तेच करायचे आहे.

आणि रोजचा आधार विसरू नये. लग्ने चार-सहा महिने. देवपूजा मात्र रोज असते. कर्जत, नेरळ, खोपोली इथे इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. पानात बांधलेली ताजी फुलपुडी सकाळी दाराशी मिळाली, तर पन्नास घरांची बांधलेली गिऱ्हाइकी सहज होते. लग्नाचा पैसा दिसायला मोठा, पण दिवाबत्तीचा खर्च भागवते ती फुलपुडीच.

पहाटे तीनला कोण उठते?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते. कुटुंबाचा धंदा म्हणायला गोड वाटतो. पण मोगऱ्याची कळी पहाटे तोडायची असते, हार दुपारी ओवायचे असतात, आणि मध्ये स्वयंपाक, गुरे, मुलांची शाळा असते. ही सगळी कामे ज्या एका व्यक्तीच्या वाट्याला येतात ती घरची सून किंवा आई. जमाखर्चाच्या वहीत खताला रकाना असतो, टेंपोला असतो, तिच्या मजुरीला नसतो. घरची मेहनत फुकट धरली की फुलशेती फायद्यात दिसते. तिचा रोज लिहिला की खरे चित्र समोर येते. म्हणून माझी अट आहे: वहीत पहिल्या दिवसापासून घरच्या माणसांचा रोज लिहा, आणि तो तिच्या नावाच्या खात्यात जमा करा. रोज देऊनही धंदा तगत असेल तर तो वाढवा. तगत नसेल तर भाव वाढवा किंवा काम बदला. तिच्या झोपेवर मात्र तो तगवू नका.

दुसरे, आपल्या वाड्यांवरच्या कातकरी-ठाकर बायका. कुठल्या ओढ्याकाठी सोनटक्का आहे, कुठल्या उतारावर तेरडा आधी रंगतो, कळलावी कधी फुलते, हे ज्ञान त्यांचे आहे. दिवाळीनंतर त्यांतली कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. फुलांच्या कामात त्यांना मजूर म्हणून नव्हे तर भागीदार म्हणून घेतले, ओवणीचा दर आधी ठरवला आणि तो हातोहात दिला, तर काहींचे तरी जाणे थांबेल. रानातून ओरबाडून आणण्यापेक्षा तीच झाडे बांधावर लावण्याचे शहाणपणही त्याच शिकवतील.

मागणाऱ्याचीही जबाबदारी

हा लेख मुंबई-पुण्याच्या घरांतही वाचला जाईल. त्यांच्याशी दोन शब्द. प्लास्टिकच्या फुलांनी शेतकऱ्याचा बाजार किती खाल्ला, यावर विधानसभेतही चर्चा झाली आहे. कायदा व्हायचा तेव्हा होवो. कर्जतला मुंज, लग्न, साठीशांत ठरवाल तेव्हा हॉलवाल्याला एवढेच विचारा, "फुले कुठली? इथली का नाहीत?" हा प्रश्न पाच गिऱ्हाइकांनी विचारला की सहाव्या वेळी हॉलवाला आमच्या गावात फुलकरणीचा पत्ता शोधत येतो. ऋतूत नसलेल्या फुलाचा हट्ट धरू नका. वैशाखात मोगरा मागा, आश्विनात झेंडू मागा. पैसे कमी लागतील आणि वासही येईल.

फुलशेतीने जमिनीची विक्री थांबेल, असा माझा दावा नाही. ज्या भावाने आज जमीन जाते त्याच्याशी पाच गुंठे झेंडू स्पर्धा करू शकत नाही. पण जमीन विकली जाते ती नुसत्या भावाने नाही. इथे राहून काही होणार नाही, अशी मुलांची खात्री झाली की ती विकली जाते. भाच्याने गेल्या पावसाळ्यात पाच गुंठ्यांवर झेंडू लावला, सुनेने चार बायका जमवून ओवणी घेतली. वहीत सगळ्यांचे रोज लिहिले आणि ते वजा जाऊन थोडे उरले. उरले ते फार नव्हते. पण यंदा जमीन बघायला आलेल्या एजंटाला चहा देऊन माझ्या भावाने सांगितले, "सध्या नाही." आमच्या भागात हा ‘सध्या’ फार मोठा शब्द आहे. तो आणखी काही घरांतून ऐकू यावा, एवढीच माझी इच्छा.